अकोटच्या घरातली बंगई

मोरोपंतांची वकिली अमरावतीत आणि भाड्यानं दिलेलं घर तिकडे अकोटला. जाणं क्वचितच व्हायचं; भाडेकरू खुशालरावांची कार्डं तेवढी यायची.

चैत्रात एक आलं. "वकीलसाहेब, परवा दुपारी तुमी आले, दाराची कडी बसवली अन् चहा न घेताच गेले. असं काहून?"

त्या दुपारी मोरोपंत इथेच झोपले होते. कडी त्यांनी बसवली होती, पण स्वप्नात.

पुढच्या कार्डात छपराचे कवेलू सारखे केल्याबद्दल आभार होते. तेही स्वप्नातलंच, मात्र उठल्यावर बोटांना लाल माती होती.

मोरोपंतांनी दुपारची झोपच सोडली.

शनिवारी सकाळी सिंधूताई समोर बसून नवं कार्ड वाचू लागल्या. "मंगळवारी तुमी आले अन् बंगईवर झोपले, ते उठलेच नाही. बंगई आपोआप झुलून राहिली. पोरं घाबरतात. शनिवारच्या सकाळपर्यंत वाट पाहतो, मंग हालवून उठवतो."

"अहो, हे काय लिहिलंय?" सिंधूताईंनी विचारलं. कार्ड त्यांच्या दोन्ही हातांत होतं.

मोरोपंतांचा खांदा कुणीतरी हळूच हलवला.