पितळी घंटी

घंटी वाजली आणि संघप्रियाने मान वळवली.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले आणि छोटी पितळी घंटी टेबलावर ठेवून लिहायला लागले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातली खोली, समोर खुर्ची एकच. तीवर सहादेव, त्याच्या मांडीवर साडेपाच वर्षांची संघप्रिया आणि दाराशी उभी कांता, तिची आई. "ऐकू येतंय, तरी बोलत नाही, हाकेला ओ देत नाही. म्हणजे दोष बुद्धीचा. मुलगी मतिमंद आहे."

सहादेवने पोरीच्या पोटाभोवतीचा हात काढला नाही. "पण घंटीत पास झाली ना, साहेब?"

"त्यात झाली."

डॉक्टरांनी दिलेला कागद कांताने घरी पोचेपर्यंत मुठीत धरून ठेवला.

घर भाईंदरजवळच्या हाटकेशला, गाळ्यांच्या वर. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन सुरू झालं की संघप्रिया असेल तिथे फरशीवर पालथी पडायची आणि गाल टेकून हसत राहायची. "कांता, हे काय चांगलं लक्षण नाय हां," शेजारच्या मनोरमाताई म्हणायच्या. मनोरमाताईंना वाईट लक्षणं ओळखायचा फार नाद. चांगलं एकही त्यांना आजवर दिसलेलं नव्हतं.

पोरीला रस्त्यावर सोडायची सोय नव्हती. एकदा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, ही मधोमध उभी. भीतीच नाही पोरीला, लोक म्हणाले. तेव्हापासून कांताने दाराला आतून वरची कडी लावायला सुरुवात केली. सकाळी सहादेव ऑफिसला गेला की दोघी आत, तो परतेपर्यंत. कडी पोरीसाठी होती, पण कोंडली गेली कांताही. कधी कधी तिला पोरीचा भयंकर राग यायचा, आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

सुख एकच, नवऱ्याचं. इतरांचे नवरे सुट्टी काढतात ती गावच्या लग्नाला. हा पोरीच्या डॉक्टरसाठी काढायचा. ती अडीच वर्षांची असताना भाईंदरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्यामागे घंटी वाजवली, तेव्हा ती वळलीच नाही. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सहादेवने तिला उचलून मांडीवर घेतलं, "अजून एकदा वाजवा," म्हणाला, आणि ती वळली. "काही मुलं उशिरा बोलतात," म्हणत डॉक्टरांनी घरी पाठवलं.

त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा झाला की बापलेकीचा अभ्यास सुरू व्हायचा. पोर मांडीवर, मागे स्टुलावर स्टीलचा पेला. एका हाताने तिला धरायचं, दुसऱ्याने पेल्यावर चमचा वाजवायचा. ती वळली की बिस्किटाचा तुकडा. सहादेव स्वतः दहावीला एका विषयात राहिला होता आणि तेवढ्यावर जन्माचा शिपाई झाला होता. "आपल्या घरात आता कुणी नापास होणार नाय," म्हणायचा. ते ऐकून कांताला भरून यायचं.

एकदा दुपारी तिनेही करून पाहिलं. पोरीच्या मागे उभं राहून पेला वाजवला, मग ताट वाजवलं. पोरीने ढुंकून पाहिलं नाही. कांता ताट हातात घेऊन तिथेच रडत बसली. दिवसभर कोंडून ठेवणाऱ्या आईकडे ती कशाला बघेल?

जून उजाडला. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी इस्पितळाचा कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

"अशा मुलांसाठी वसतिगृहाची शाळा असते. लांब आहे, पण घेतील. हा फॉर्म भरून द्या."

"म्हणजे ती तिथे एकटी राहणार, बाई?"

"नाहीतर घरीच ठेवा. आमच्याकडे नाही जमायचं."

वसतिगृह नाहीतर कडी. कांताने फॉर्म पिशवीत ठेवला, पण भरला नाही. जवळच सिल्व्हर पार्कला डॉक्टर नीलिमा नव्याने आल्या होत्या, मुलांच्या वाढीचंच शिकून आलेल्या. "अहो, एकदाच जाऊ," ती सहादेवला म्हणाली. "त्यांनीपण तेच सांगितलं तर मी भरते फॉर्म. मग नाही अडवणार."

डॉक्टर नीलिमांनी तासभर सगळं विचारून घेतलं. गाळ्याच्या मशीनचं आणि फरशीवर गाल टेकण्याचं सांगताना कांताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांचं पेन मात्र तिथे थांबलं. मग त्यांनी खणातून घंटी काढली.

सहादेवने लगेच पोरीला मांडीवर ओढलं.

"नको, तिला एकटीला बसू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही दोघं भिंतीशी उभे राहा."

संघप्रिया बुटक्या खुर्चीवर बसून दोऱ्यात मणी ओवत होती. मागे घंटी वाजली. तिने लाल मणी ओवला. पुन्हा, कानाजवळ वाजली. तिने निळा ओवला. डॉक्टरांनी स्टीलचा ट्रे टेबलावर आपटला. कांता दचकली. संघप्रिया पिवळा मणी शोधत होती.

सहादेवला राहवेना. "मॅडम, अशी नाय वळणार ती. मांडीवर द्या माझ्या. आम्ही रोज प्रॅक्टिस करतोय, आत्ता पास होऊन दाखवेल."

कांताने आशेने त्याच्याकडे पाहिलं. किती करतो हा माणूस!

"मांडीवर असं काय होतं?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

सहादेव हसला. शाबासकी मिळणार असल्यासारखा.

"घंटी वाजली ना मॅडम, की मी तिच्या पोटाला हळूच बोट दाबतो, की वळते लगेच. तीन वर्षांत एकदाही नापास होऊ दिली नाय मी तिला."