घारीचा बिल्ला

हवाई दलातल्या हेलिकॉप्टरच्या स्क्वाड्रनमधून सुट्टीवर आलेला धनंजय हिंगणी गावातल्या घरी पितळी बिल्ला दाखवत होता. घार अन् तिच्या पंजात दोर. “आमच्या स्क्वाड्रननं पयल्यांदा पुरातून माणसं दोरानं काढली, तवापासून हेच निशाण.” सारी आळी माना डोलवत होती. त्याच्या थोरल्या भावाच्या, खुशालच्या मात्र पोटात दुखत होतं. लहानपणी पुरात वाहून चाललेल्या याच धनंजयला त्यानं बैलाचा कासरा फेकून ओढलं होतं. तेव्हा कुणी पाठही थोपटली नव्हती! सकाळी त्यानं बिल्ला गुपचूप वावरात नेला आणि बुजगावण्याला घातलेल्या स्वतःच्या जुन्या सदऱ्यावर टाचला. “घे, मिरव आता!” मग वांगी तोडायला वाकला. तेवढ्यात शिदोरी घेऊन आलेली अधू डोळ्यांची आई वावराच्या कडेच्या धुऱ्यावरूनच, उन्हात चमकणारा बिल्ला बघून, बुजगावण्याला म्हणाली, “खुशाल, धनानं बिल्ला तुले देल्ला? शोभते रे. त्याले पुरातून तूनंच काढलं होतं.” वांग्यांत दडलेल्या खुशालला उठवेना.