पाव फेरा

अकरावीच्या चाचणीत समीक्षा संमिश्र संख्यांत आपटली. बाप देवीदास म्हणे गणित सोड, आई ललिता म्हणे सोडू नको. आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवायला बसले. समीक्षा बापाच्या डाव्या बाजूला पुस्तक घेऊन बसली.

“कॉस नव्वद शून्य, साइन नव्वद एक. म्हंजे i नं गुणलं का डावीकडे पाव फेरा. दोनदा गुणलं का तोंड उलटं, उणे एक.”

“समजलं तुले?” बापाने भिंतीलाच विचारलं.

“समजून राहिलं. बाबा, तुमी डावीकडे पाव फेरा घ्या. आई, तू उजवीकडे.”

“मी तिच्याकडे नाई फिरत.”

“पावच सांगून राहिली ना.”

दोघं कुरकुरत फिरले. कोणी कोणाच्या समोर आलं नाही, मान दोघांचाही शाबूत राहिला. समोर फक्त समीक्षा होती.

“आता इचारा मले,” ती म्हणाली.