आज डब्यात

"हा राजाराम कोण?" मॅनेजर मनोहरनं शोभनाच्या स्क्रीनवरच्या लॉगिनच्या यादीत एका नावावर बोट ठेवलं. "रोज सकाळी नऊला येतो, दहा सेकंद थांबतो आणि जातो. चोर आधी अशीच टेहळणी करतात! बारापर्यंत छडा लाव, नाहीतर हे तुझं दार मी काढून टाकतो."

शोभना लगेच जुन्या नोंदी चाळायला लागली. अ‍ॅशबर्नच्या त्या ऑफिसात पूर्वी कुणीही उठावं आणि थेट डेटाबेसमध्ये शिरावं, असा सगळा आनंदीआनंद होता. तीन महिने खपून तिनं मध्ये एक मशीन बसवलं. तेच हे दार: आधी तिथं नाव सांगायचं, मगच पुढे. अमेरिकेत आल्यावर तिनं एकटीनं केलेलं हे पहिलं काम!

त्यात एक भानगड होती. दारात येणाऱ्याला सूचना दिसावी म्हणून तिनं पाटीची जागा ठेवली होती. कंपनीच्या वकिलांकडून तो मजकूर काही येईना, तेव्हा बाईसाहेब रोज तिथं स्वतःच्या डब्यातली भाजी लिहायच्या. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. कोण वाचतंय!

तिनं राजारामचा नंबर शोधून फोन लावला. तिकडे मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला शिकणारा मुलगा निघाला. उन्हाळ्यात इथे इंटर्न होता, लॉगिन तसंच राहिलेलं.

"काय हवंय रे तुला आमच्या डेटाबेसमध्ये?"

"काहीच नको, ताई," तो घाबरून म्हणाला. "मी दारातूनच परत जातो. आज भाजी काय, एवढंच वाचतो. आईशी बोलणं फक्त रविवारी, कॉलिंग कार्डावर. आणि घरी दारात पाऊल टाकलं की ती आधी तेच सांगायची."

"वेडा आहेस का रे!" शोभना म्हणाली. तिला हसूही आलं आणि डोळेही भरले.

तिनं मनोहरला सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या डब्यासकट. तो खो खो हसला. दार वाचलं. पण ज्याचं काम नाही त्याला प्रवेश नाही, हा नियम तिनंच केला होता. बाराच्या आत तिनं राजारामचं लॉगिन बंद केलं आणि वकिलांच्या मागे लागून पाटीवर त्यांचा रुक्ष मजकूर चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिच्या टेबलावरचा फोन वाजला. तिनं नाव विचारलंच नाही.

"भरली वांगी," ती म्हणाली.