दोन घास

"फोन ट्रेमध्ये ठेवा. सगळ्यांनी," बाई म्हणाल्या आणि आज कधी नव्हे ते भिंगरीनं सगळ्यांच्या आधी आपला फोन काढून दिला.

एरवी याच फोनवरून दोघींची रोज हुज्जत व्हायची. तालमीत फोन नको हा बाईंचा नियम आणि 'पाचच मिनिटं, मावशी' हे भिंगरीचं पालुपद. बाईंनी ट्रे कपाटात ठेवला, किल्ली पर्समध्ये टाकली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

बाई विद्यापीठाच्या सांस्कृतिक विभागाच्या प्रमुख. संध्याकाळी जागतिक संस्कृती सोहळा होता. देशोदेशीचे विद्यार्थी, त्यांची गाणी, त्यांचे नाच आणि सगळ्यांत शेवटी भिंगरी. अदलाबदल योजनेत परदेशातून आलेली ही मुलगी गिरक्या घ्यायला लागली की बघणाऱ्यालाच घेरी यायची, म्हणून सगळं आवार तिला भिंगरीच म्हणे. पोस्टरवरही तिचाच फोटो होता.

कुलगुरूंनी बाईंना स्पष्ट ऐकवलं होतं, "यंदा सभागृह रिकामं राहिलं, तर तुमचा विभाग क्रीडा विभागात मिसळून टाकू." म्हणजे उरलेली नोकरी बाईंनी चेंडू मोजत काढायची! हे रडगाणं त्यांनी भेटेल त्याच्यापाशी गायलं होतं. भिंगरीपाशी तर जरा जास्तच.

आणि नेमकी आजच ही बातमी आली. भिंगरीच्या देशात, तिच्याच गावावर, रात्रीत डोंगर कोसळला होता. ऑफिसातल्या टीव्हीवर गाव असं दिसतच नव्हतं, नुसता चिखल.

"बाई, पोरीला सांगायला हवं," कारकून म्हणाला.

"सांगू की. कार्यक्रम होऊ दे."

"तिची आई आहे हो तिथं. धाकटा भाऊ आहे."

"मग? आत्ता सांगितलं तर डोंगर परत वर चढणार आहे का?"

बोलून गेल्यावर बाईंना स्वतःचीच शिसारी आली. पण शब्द काही त्यांनी मागे घेतले नाहीत. "तिच्यासमोर कुणी ब्र काढला, तर माझ्याशी गाठ आहे," त्या म्हणाल्या. कारकुनानं टीव्ही बंद केला.

त्याच अदलाबदल योजनेत बाईंचा मुलगा भिंगरीच्या देशात गेला होता. इथून एक जायचा, तिथून एक यायचा. त्याची वर्णी लावताना बाईंनी कुठे कुठे वशिला लावला, हे आवारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो शिकत होता ते शहर समुद्राकाठी, डोंगरापासून दिवसभराच्या वाटेवर. तरी आईचा जीव. त्यांनी फोन लावून पाहिला. लागला नाही. एरवी तरी कधी लागायचा? परीक्षा संपली की फोन बंद करून दुपारपर्यंत लोळायचं, ही त्याची जुनी खोड. नशीब, आपलं पोर समुद्राकाठी आहे, असं बाईंच्या मनात आलं. त्यांना लाज वाटली. बरंही वाटलं.

दुपारी त्यांनी कँटीनमधून ताट मागवलं. वाईट बातमी सांगायची असेल तर माणसाला आधी दोन घास खाऊ घालावेत, नंतर काही घशाखाली उतरत नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. भिंगरी दर रविवारी बाईंकडे जेवायला असायची. तिलाही त्यांनी हे कधीतरी सांगितलं होतं.

"जेव," बाई म्हणाल्या.

भिंगरी ताटाकडे बघत राहिली, मग बाईंकडे. "तुम्ही जेवलात, मावशी?"

"माझं काय घेऊन बसलीस? मला कुठे नाचायचंय?"

"मग मीही नाही जेवणार."

घ्या! पोरीनं एक घास बाईंच्या तोंडासमोर धरला. बाईंनी खाल्ला. तिनं दुसरा धरला. तोही खाल्ल्यावरच ती स्वतः जेवायला लागली, एकेक घास पाण्याबरोबर ढकलत. कार्यक्रमाची धास्ती घेतलीय हिनं, बाईंनी मनाशी म्हटलं.

"दादाचा फोन आला होता?" तिनं मान वर न करता विचारलं.

"कसला येतोय! लोळत पडला असेल. का गं?"

"सहज."

संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत कुलगुरू, मागे भिंतीला टेकून उभी असलेली मुलं. भिंगरीची पाळी आली. घेरदार झग्यात ती विंगेत उभी होती. पडदा उघडण्याआधी ती अचानक वळली आणि तिनं बाईंना घट्ट मिठी मारली.

"तुमचा विभाग कुठेही जाणार नाही," ती त्यांच्या कानात म्हणाली.

मग ती नाचली. बाईंनी तिला कितीदा तरी नाचताना पाहिलं होतं, पण असं नाही. शेवटच्या गिरक्या थांबेचनात. वाजवणारे दमले, ही दमेना. थांबली तेव्हा सगळं सभागृह उभं होतं. कुलगुरूंनी विंगेकडे बघून मान डोलावली आणि बाईंना रडू फुटलं. विभाग वाचला होता. आपण काय केलं, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पाण्याचा पेला भरला. भिंगरी धापा टाकत विंगेत आली.

"बस बाळा. तुला काही सांगायचंय."

भिंगरी बसली नाही. तिनं खांद्यांना धरून बाईंनाच खुर्चीवर बसवलं, पेला त्यांच्या हातात दिला आणि स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मला पहाटेच कळलं, मावशी. मामाचा फोन आला होता," ती म्हणाली. "आमच्या घरातलं कुणीच राहिलं नाही. आणि परीक्षा संपली म्हणून दादा कालच आमच्या घरी राहायला गेला होता."