रेतीतला पाहुणा

“बोल, लागली का शर्त?” उकंडरावनं हात पुढं केला.

“लागली बे!” भाऊरावनं त्या हातावर टाळी हाणली, अन् छातीच्या टाक्यांत कळ आली तसा तोंड वाकडं करून खुर्चीत टेकला.

सिंधूताई दारातून पाहत होती. तिचा नवरा भाऊराव सोनाळ्यात जन्मभर विजेचा लाइनमन. खांब दिसला की चढायचा, माकडानं लाजावं असा. अकोल्याला हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरनं बजावलं होतं, छातीचं हाड जुळेपर्यंत बसून राहा, नाहीतर पुन्हा फाडावं लागेल. अन् हा माणूस घरी आल्या आल्या शिडी लावून टिनावर! कशाला? तर कावळ्याचं घरटं पाहायला. सिंधूताई रडली, भांडली, चपला लपवल्या. गडी अनवाणी निघाला.

त्यात आता ही शर्त.

शेजारचा उकंडराव पन्नाशी गाठलेला, पण खोड्या काही सुटल्या नव्हत्या. त्याची पोरगी करिष्मा जनावरांची डॉक्टर होऊन नुकतीच घरी आली होती. येताना काचेची एक मोठी पेटी आणली. मैत्रीण परदेशी गेली, तिचा पाळलेला सरडा सांभाळायचा आहे म्हणाली. रेतीत बुडून राहणारी जात. आपल्या घरी मांजरं, म्हणून पेटी आणून ठेवली भाऊरावच्या ओसरीवर.

“पोळ्याच्या बाजारापर्यंत त्यानं तुले तोंड दाखवलं,” उकंडराव म्हणाला, “तं मी शेपूट लावून, मान हालवत भर बाजारात चक्कर मारीन. नाई दाखवलं तं तू मारजो. पण पाय वाजला की तो वर येत नाई, सांगून ठेवतो. अन् तुह्यानं तं घडीभर बसणं होत नाई!”

“काऊन नाई होत? मी काय पोट्टं हाओ का?”

“काका, आधी रेतीचं पाहा,” करिष्मा म्हणाली. “हे पेटीतली बरोबर नाई. चांगली रेती तुमीच निवडा.”

सिंधूताईनं वान नदीची रेती मागवली. करिष्मानं चिमूटभर बोटात चोळली. “हिले टोकं हायेत. घासासंगं पोटात गेली तं आतडं सोलून काढन.”

बांधकामावरची आणली. “सिमेटाची धूळ. जीव गुदमरन त्याचा.”

दुकानात मिळते ती रंगीत? “ते तं चुन्याची. पोटात ओली झाली की गोळा बनते.”

भाऊराव चिडला. उठायला गेला, पण उकंडराव समोरच दात काढत उभा. मग तसाच बसला, अन् बसल्या बसल्या विचार करू लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, सिंधूताईनं त्याला बसून विचार करताना पहिल्यांदाच पाहिलं.

“सिंधू! फुटाण्याच्या कढईतली रेती!”

करिष्माचे डोळेच मोठे झाले. वर्षानुवर्षं भट्टीवर भाजलेली, प्रत्येक घाण्याला चाळलेली. दाणा घासून घासून गोल. किडा नाही, माती नाही. “काका, एक नंबर! फक्त मीठ असन तं धुऊन घ्या.”

फुटाणेवाल्या इंद्रभाननं घमेलं भरून दिलं. “सरडा भाजाचा हाय का, वैनी?”

सिंधूताईनं रेती पाणी नितळ होईपर्यंत धुतली. उघाड पडली तशी लुगड्यावर वाळवली, पिठाच्या चाळणीनं चाळली. करिष्मानं सगळ्यांना घरात पाठवलं, कारण सरडा गर्दीला भितो म्हणे, अन् एकटीनंच जुनी काढून नवी भरली. खाणंही रात्री मीच टाकीन म्हणाली.

मग सुरू झालं बसणं.

श्रावणाचं ऊन ओसरीवर उतरायचं अन् पेटीतली रेती मधासारखी पिवळी व्हायची. भाऊराव खुर्चीत. बाजूला सिंधूताई सुपात डाळ घेऊन. बोलायचं ते कानात, नाहीतर सरडा घाबरेल. कानात बोलायचं म्हटलं की भांडण काही जमत नाही.

“खांबावरून सातपुडा निळा दिसे,” एक दिवस तो म्हणाला. “अन् आपलं घर काड्यापेटीएवढं. तू धुणं वाळत घाले. तुहं हिरवं लुगडं दिसलं की मी उगाच जरा वेळ वरतच राहो.”

सिंधूताईच्या हातातली डाळ हातातच राहिली.

दुपारी डोळा लागल्यासारखं व्हायचं. वाटायचं, पेटी श्वास घेते आहे. एखादा कण घरंगळायचा, दोघं श्वास रोखायचे. काही नाही. पुन्हा ऊन, पुन्हा रेती. दिवस कसे सरकले, कळलंच नाही.

पोळ्याच्या आधी अकोल्याला जाऊन आले. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाला, आता हिंडा.

घरी येऊन खुर्चीत बसला न बसला, भाऊरावनं तिचं मनगट धरलं. “पाह्यलं?”

“काय जी?”

“तोंड काढलं त्यानं! तांब्याच्या गडव्यावानी चकचकीत. जीभ बी काढली.”

उकंडराव पोरीला घेऊन धावत आला. आधी पेटीकडं पाहिलं, मग पोरीकडं. “खरंच दिसला?”

“मी लबाड बोलतो का बे? शर्त म्हंजे शर्त.”

पोळ्याच्या बाजारात नुसता गलका. बैलांच्या झुली, गोंडे, घुंगरं, अन् मधून उकंडराव, कमरेला दोराची शेपूट, टोकाला लाल गोंडा, सरड्यासारखी मान वरखाली. पोरं मागं, बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. त्याची बायको पुष्पाबाई तर फुगेवाल्याच्या मागंच लपली. भाऊराव आपल्या पायानं चालत आला होता अन् टाळ्यांचा ताल धरून उभा होता.

घामाघूम उकंडराव सिंधूताईजवळून जाताना वाकला. “वैनी, सरडा-बिरडा काईच नोता. नुसती रेती. याले बसवाची पोरीची अक्कल! अन् हा बहाद्दर म्हनते, जीभ काढली! आता सांगू नोका त्याले, हिरमुसन.”

अन् मान हालवत पुढं गेला.

सिंधूताई नवऱ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “अहो, त्या दिवशी खरंच दिसला होता का तुमाले?”

भाऊरावनं टाळ्या थांबवल्या नाहीत.

“रिकाम्या पेटीत काय दिसन वं?”