बोहनीचा फोन

तिने स्वयंपाकघरातला रेडिओ बारीक केला, नाहीतर फोनमध्ये शिटी वाजते, आणि स्टुडिओचा नंबर लावला. गॅसवर भाजी होती. ती उतरवायलाही वेळ नव्हता, कारण नवऱ्याचं प्रास्ताविक संपत आलं होतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा कार्यक्रम असायचा. श्रोत्यांशी मोकळ्या गप्पा. कधी गाण्याबजावण्यावर, कधी रस्त्यातल्या कचऱ्यावर, कधी वाचनालयात हल्ली कोण फिरकतं यावर. अख्खं शहर त्याला दादा म्हणायचं. पण गप्पा कितीही मोकळ्या असल्या तरी पहिला फोन करायला कोणी धजत नाही, ही या धंद्यातली मेली रीतच आहे. एकदा बोहनी झाली की मग लोकांना आवरावं लागतं. ही बोहनी गेली कित्येक वर्षं त्याची बायको करत आली होती. आवाज जरा नाजूक काढायचा आणि पुलापलीकडून बोलतेय म्हणायचं. पुलापलीकडच्या ताई श्रोत्यांमध्ये चांगल्याच लाडक्या होत्या. त्यांनी काय बोलायचं ते तो शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता सांगून जायचा. बायकोशी त्याचं धड बोलणं आठवड्यातून तेवढंच.

आजचा विषय होता घरातलं गाणं. पूर्वी बायका कामं करता करता गुणगुणायच्या, ते आता कुठे गेलं? तिने सांगायचं होतं की टीव्हीने घात केला.

"बोला ताई," तो म्हणाला. "कशा आहात? आज आवाज उतरल्यासारखा वाटतोय."

तिला एकदम भरून आलं. महिनाभर ती घरात याच आवाजात बोलत होती, पण तिथे त्याला तो कधी ऐकू आला नव्हता. टीव्हीचं ती विसरूनच गेली.

तिने खरंखुरं सांगून टाकलं. लग्नाआधी आपण गायचो. शाळेतल्या एका मैत्रिणीने बायकांचा गाण्याचा गट चालवलाय, त्यातली एकजण गाव सोडून गेली, आणि मैत्रीण म्हणते, तूच ये. रविवारपर्यंत तिला कळवायचंय. पण घरी यजमानांपुढे विषय काढला की ते म्हणतात, थांब जरा, बातम्या लागल्यात. बातम्या संपल्या की त्यांना झोप येते.

सकाळी ठरलेल्या टीव्हीचा यात कुठे पत्ताच नव्हता. पण दादा मुरलेला माणूस, सावरायला त्याला कितीसा वेळ लागणार? तो इतक्या मायेने बोलू लागला की तिला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले.

"ताई, गाणं असं कोंडून ठेवायचं नसतं," तो म्हणाला. "तुम्ही जा. आणि यजमानांना सांगा, दादाने सांगितलंय म्हणून."

मग फोनवर फोन. एका बसचालकाने सांगितलं की ताई पहिल्यांदा गातील तेव्हा तो रजा टाकून ऐकायला येईल. एक नर्स बोलता बोलता रडलीच. कोणी शिंपी होता, तो भडकून म्हणाला, असल्या नवऱ्याला रेडिओसमोर बसवून हे ऐकवलं पाहिजे. त्यावर दादा मनापासून हसला.

ती स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. भाजी खाली लागली, तिकडेही तिचं लक्ष गेलं नाही. अख्ख्या शहरादेखत त्याने तिला जा म्हणून सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडाने मागे फिरणार होता तो? तिने मैत्रिणीला फोन केला आणि येते म्हणून कळवून टाकलं. मग पोळ्या लाटता लाटता ती चक्क गुणगुणू लागली, अगदी कार्यक्रमाच्या विषयात म्हटल्याप्रमाणे.

तो घरी आला तोच खुशीत. हातपाय धुऊन थेट जेवायला बसला. करपल्याचा वासही त्याला आला नाही.

"कमाल केलीस आज," तो म्हणाला. साहेबांनी स्वतः खाली येऊन पाठ थोपटली होती. ते गाण्याचं तिला कुठून सुचलं, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. इतक्या वर्षांत टीव्ही, महागाई, पोरांचा अभ्यास, सगळं सांगून झालं, पण आजच्यासारखा रंग कधी भरला नव्हता.

तिने त्याला वाढलं. मग हळूच म्हणाली की त्यातलं काहीच बनवलेलं नव्हतं. गट खरा आहे, मैत्रीण खरी आहे, आणि आपण हो म्हणून बसलोय. सराव दर शुक्रवारी संध्याकाळी असतो.

त्याचा घास हातातच राहिला. आता याला कळलं, असं तिला वाटलं.

"शुक्रवारी?" तो म्हणाला. "मग फोन कोण करणार?"

ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे कबूल, हे त्या घरात कधीच ठरून गेलं होतं. तो निर्धास्त होऊन जेवू लागला आणि त्याचं डोकं पुढच्या कार्यक्रमाकडे धावलं. ताईंनी फोन करून सांगायचं की घरचे नाही म्हणाले. लोक पेटून उठतील. महिनाभर विषयाची चिंता नाही.

तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.

"आणि का नाही म्हणाले असं तुम्ही विचारलंत, तर काय सांगू?"

कामाचा प्रश्न त्याने कधी उडवून लावला नव्हता. तो चावता चावता थांबला आणि त्याने नीट विचार केला.

"सांग, त्यांना गाण्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "लोकांना लगेच पटतं."

तिलाही पटलं.